रविवारचे चार मिलिमीटर

१

भांडं रिकामं होतं. नुसतं रिकामं नाही, आतून पुसून कोरडं केलेलं होतं.

तिने टाचा उंचावून पुन्हा एकदा काचेच्या नळीत पाहिलं. तीन नंबरच्या टाकीच्या डोक्यावर, ढवळणीच्या मोटारीशेजारी, दुधाच्या किटलीएवढं हे स्टीलचं भांडं बसवलेलं होतं. आतली पातळी दिसावी म्हणून त्याला काचेची नळी. परवा बुधवारी तिने त्या काचेवर निळ्या मार्करने बारीक रेघ मारली होती. रेघ जागच्या जागी होती. रेघेखालचं, पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं द्रव मात्र गायब. लिटरभर ग्लिसरीन-पाणी चोरून कुणाचं घर चालणार होतं?

कारखाना लहान मुलांचं तापाचं गोड औषध बनवायचा. ती तिथली तपासनीस. तिची सही झाल्याशिवाय बाटली दाराबाहेर जायची नाही, निदान कागदावर तरी नियम तसा होता. बाळंतपणाची रजा आणि तिला जोडून घेतलेली बिनपगारी रजा संपवून ती याच सोमवारी परत आली होती, अंगात अर्धी झोप आणि डोक्यात दुप्पट काळज्या घेऊन. पहिल्याच आठवड्यात हे.

या भांड्याची गोष्ट तिला झोपेतही सांगता आली असती. ढवळणीचा दांडा झाकणातून टाकीत उतरतो. दांडा फिरता, झाकण स्थिर. दोघांच्या मधे सील, म्हणजे एकमेकींवर घासत फिरणाऱ्या दोन गुळगुळीत कड्या. त्या कोरड्या राहिल्या तर तासाभरात जळून जातील, म्हणून त्यांच्यात भांड्यातल्या द्रवाचा पातळसा पापुद्रा लागतो. आणि तो पापुद्रा झिरपतोच. अजिबात न झिरपणारं फिरतं सील अजून जन्माला यायचंय, असं मिस्त्रीकाका म्हणायचे. भांड्यातला दाब टाकीपेक्षा जास्त ठेवलेला, त्यामुळे जे झिरपेल ते आत, औषधात.

पाच वर्षांपूर्वी भांड्यात काय घालायचं ते तिनेच ठरवलं होतं. औषधी ग्लिसरीन आणि उकळून गार केलेलं पाणी, निम्मं निम्मं. ते पातळ असतं, तेलापेक्षा जास्त गळतं, आणि त्यावरून तिने बोलणीही खाल्ली होती. "कमी काय गळेल ते बघू नका, गळलेलं कुणाच्या पोटात जाईल ते बघा," असं तिने मालकांना ऐकवलं होतं, आणि तेच वाक्य कार्डावर लिहून टाकीजवळच्या भिंतीवर लावलं होतं. रजेवरून आली तेव्हा कार्ड कपाटामागे पडलेलं. सोमवारी सगळ्यात आधी तिने ते झटकून पुन्हा डकवलं.

बुधवारी रेघ मारली. गुरुवारी पाहिलं, तर पातळी फक्त एक मिलिमीटर उतरलेली. एरवी दिवसाला चार उतरायची. सील जुनं, आणि गळती पाव हिश्शावर? आनंद व्हायच्या ऐवजी तिने रेघेपासून पुन्हा मोजून पाहिलं. काल चहाच्या वेळी ती बोलून गेली की उद्या सकाळी भांड्यातला नमुना काढणार. ऐकायला तिघंच होती. मिस्त्रीकाका, स्टोअरच्या वहिनी आणि प्रॉडक्शनचे साहेब.

आणि आज भांडं कोरडं.

तिने खिशातून फोन काढला. घरी ठकी तापाने फणफणली होती. अकरा महिन्यांची, आणि बुधवार संध्याकाळपासून याच कारखान्याचं औषध घेत होती. मागच्या आठवड्याच्या बॅचमधल्या दोन-दोन बाटल्या मंगळवारी सगळ्या कामगारांना फुकट वाटल्या होत्या, त्यातली एक.

"आई, पुढचा डोस देऊ नका. मी फोन करेपर्यंत थांबा."

 सासूबाई म्हणाल्या की ताप एकशे दोनच्या खाली यायला तयार नाही, आणि रविवारी दिवसभर वीज नव्हती तेव्हा फ्रीजमधलं तिचं काढून ठेवलेलं दूध नासलं, तेव्हापासून पोर धड पीत नाही, चिडचिड करते, त्यात आता औषधही द्यायचं नाही म्हणजे मी नुसतं तोंडाकडे बघत बसू का.

"एकपर्यंत थांबा. ओल्या फडक्याने अंग पुसत राहा."

"तुझ्या कारखान्याचंच औषध ना गं?" सासूबाई म्हणाल्या. उत्तर न देताच तिने फोन ठेवला.

२

वहिनी म्हणजे मालकांच्या मोठ्या भावाची बायको. ती सगळ्यांचीच वहिनी. स्टोअरच्या किल्ल्या कमरेला आणि ग्लिसरीनची छोटी बाटली टेबलावर, हात फुटतात म्हणून. या बाटलीवरून कारखान्यात बरीच कुजबुज होती.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ विचार," वहिनी म्हणाल्या. "थेंब थेंब हाताला लावते मी. पिंप उचलून घरी नेत नाही."

ग्लिसरीनचं रजिस्टर त्यांनी समोर आपटलं. हिशेब चोख निघाला. उलट एक गोष्ट विचित्र होती. मागच्या आठवड्यापासून तीन नंबरसाठी ग्लिसरीन कुणी मागितलंच नव्हतं. वहिनींनाही ते लक्षात आलं होतं, पण न मागता कुणाला द्यायला त्या काही पाणपोई चालवत नव्हत्या. बाटल्या वाटल्याची यादी तेवढी त्यांनी अभिमानाने दाखवली. सव्वीस जणांच्या सह्या, एक नाव कोरं. त्या कोऱ्या नावाकडे तिने पाहिलं आणि पान उलटलं. फुकटचं न घेणारा एखादा असतोच.

मिस्त्रीकाका ढवळणी बंद करून, टाकीवर भांड्याशेजारी बसून पान्याने कसला तरी नट सोडवत होते. निवृत्तीला चार महिने राहिले होते, आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकही सील जळू दिलेलं नव्हतं. नवं सील हवं म्हणून त्यांनी दोनदा लेखी मागितलं होतं. दोनदा उत्तर आलं, पुढच्या महिन्यात बघू.

"मग गळती कमी कशी झाली, काका? तुम्ही काही केलंत?"

"मी हात लावला असता तर छाती ठोकून सांगितलं असतं." त्यांनी मान वर केली. "कड्या झिजल्यात. झिजलेलं सील आपोआप सुधारत नाही, पोरी. सील तेच, गळती कमी, म्हणजे आतलं द्रव बदललंय. जाड काहीतरी घातलंय कुणीतरी."

"काय, ते कसं कळणार? भांडं तर पुसून ठेवलंय."

काका हसले. हसण्यात आनंद नव्हता.

"भांडं पुसलं. भांड्यातून सीलकडे जाणाऱ्या नळीचा वाक कोण पुसणार? तिथे चमचाभर राहतंच. ज्याने पुसलं त्याने कधी हातात पाना धरलेला नाही, एवढं लिहून ठेव."

नट निघाला. काकांनी खाली काचेची वाटी धरली. स्वच्छ, बिनरंगी, बिनवासाचं द्रव ठिपकत वाटीत उतरलं. बोटाला लावून पाहावं इतकं निरुपद्रवी दिसत होतं. तिने बोट लावलं नाही.

३

पुरती तपासणी करायला बाहेरच्या प्रयोगशाळेला दोन दिवस लागले असते. ट्रक चारला येणार होता. या आठवड्याच्या बॅचच्या चार हजार बाटल्या खोक्यांत भरून दारापाशी उभ्या होत्या.

तिने दोन काचपट्ट्या घेतल्या. एकीवर स्वतः कालवलेल्या ग्लिसरीन-पाण्याचे थेंब, दुसरीवर वाटीतले. दोन्ही हॉटप्लेटवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि हातांची घडी घालून उभी राहिली. ग्लिसरीनचा स्वभाव तिला ठाऊक होता. पाणी उडून जातं, पण ते स्वतः चिकट पाहुण्यासारखं बसून राहतं.

पहिल्या पट्टीवर तसंच झालं. थेंब आक्रसले, दाट झाले, चमकत राहिले.

दुसऱ्या पट्टीवरून पांढरट वाफ उठली. थेंब लहान होत गेले, होत गेले, आणि काच कोरडी झाली. मागे डागसुद्धा नाही.

ती मागच्या स्टुलावर बसली. पाण्यासारखं दिसणारं, पाण्याहून जाड, तापवलं की सगळंच्या सगळं उडून जाणारं असं द्रव या कारखान्यात एकाच ठिकाणी होतं. मागच्या शेडमधल्या चिलरमध्ये. गारव्यासाठी नळ्यांतून फिरवतात ते ग्लायकॉल. चवीला गोडसर, आणि पोटात पुरेसं गेलं तर मूत्रपिंडं बंद पाडणारं. लहान मुलांची आधी.

आता कोणी घातलं यापेक्षा कधी घातलं हा प्रश्न मोठा होता. या आठवड्यात घातलं असेल तर विष दारापाशी उभ्या खोक्यांत होतं, आणि खोकी अडवता येत होती. मागच्या आठवड्यात घातलं असेल तर ते दुकानांत होतं. आणि घरी फळीवर, ठकीच्या वाटी-चमच्याशेजारी.

४

प्रॉडक्शनच्या साहेबांना सगळे पाठीमागे घड्याळ म्हणत, कारण समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर आलं की त्यांची नजर मनगटाकडे जायची. काल ठकीच्या तापाचा आणि औषधाचा विषय निघाला तेव्हाही गेली होती. आधी ते एका रंगाच्या कारखान्यात होते. इथे येऊन वर्ष झालं नव्हतं. माणूस कामसू, स्वतःच्या मुलाचा ताप चौथ्या दिवशीही उतरत नव्हता तरी कामावर हजर. टेबलावर औषधाच्या दुकानाची कागदी पिशवी होती आणि तिच्यातून बाटलीचं निळं झाकण डोकावत होतं.

तिने पट्ट्यांचा प्रयोग सांगितला. साहेबांनी कपाळ पुसलं. मग कुलूप उघडून खणातून तीन नंबरचा तक्ता काढला. भांड्याची पातळी रोज सकाळी सातला ते जातीने बघून लिहायचे, रविवारची तेवढी वॉचमन सकाळी आणि रात्री बघून सांगायचा.

"हे बघा. रविवारपर्यंत रोजची घट चार, तीन, चार, चार. सोमवारपासून एकदम एक. सोमवारी सकाळी टाकीवर कोण चढलं होतं, ते मी सांगायला नको."

सोमवारी मिस्त्रीकाका चढले होते. मोटारीचा पट्टा ताणायला. तिने स्वतः पाहिलं होतं.

"म्हातारा माणूस. सील गळतं म्हणून रोज बोलणी खायचा," साहेब हळूच म्हणाले. "लाज राखायला काहीतरी जाड ओतलं असेल. वाईट हेतू नसेल हो."

ती तक्त्यावर बोट फिरवत राहिली. पाकाच्या कारखान्यातले कागद नेहमी चिकट, पानाला पान चिकटलेलं, पट्टी घालून सोडवावं लागतं. हा कागद बोटाखालून सुळकन गेला. तिला त्याचं बरंच वाटलं. आकडे स्वच्छ होते, आणि जे ऐकायला तिचा जीव आसुसला होता तेच सांगत होते. बदल सोमवारी झाला. मागची बॅच चांगली. घरची बाटली चांगली.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं, खोकी अडवली आणि मिस्त्रीकाकांना ऑफिसात बोलावलं. मागची बॅच यातून वाचली हे ऐकून त्यांनी देवाचं नाव घेतलं. काकांसमोर कोरा कागद ठेवला गेला. लिहून द्या, नाहीतर पोलिसांना फोन करतो.

एकला दहा मिनिटं कमी असताना तिचा फोन वाजला. सासूबाईंचा आवाज चिरका झाला होता. एकशे तीन पॉइंट दोन. देऊ का नको ते एकदा सांग, बाई.

समोर तक्ता होता.

"द्या," ती म्हणाली.

५

काका कागदाकडे बघत होते. पेन त्यांनी हातात घेतलंच नव्हतं.

"सोमवारी का चढलात टाकीवर?" मालकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"पट्टा घसरत होता म्हणून. किती वेळा सांगू? सबंध रविवार सगळं ठप्प. पहाटे वीज आली, मोटार एकदम सुरू झाली, पट्ट्याने किंकाळी फोडली. ढवळणी चोवीस तास निपचित उभी होती, आतला पाक बसलेला, भार आला..."

ती दाराशी उभी होती. काकांचं पुढचं बोलणं तिला ऐकूच आलं नाही.

सबंध रविवार. सगळ्या भागात वीज नव्हती. फ्रीजमधल्या चार बाटल्या दूध तिने मोरीत ओतलं होतं, आणि ओतताना रडली होती.

दांडा फिरतो तेव्हा सील झिरपतं. दांडा थांबला की कड्या एकमेकींवर घट्ट बसतात. मग पातळी हलत नाही, कितीही पातळ द्रव असो.

तिने तक्ता उचलला. रविवार. घट, चार मिलिमीटर.

न फिरलेल्या दांड्याने चार मिलिमीटर कुठून गाळले?

ती धावत फाटकापाशी गेली. वॉचमन जेवत होता. रविवारी काय सांगितलंस साहेबांना? त्याने घास गिळला. काय सांगणार, टॉर्च मारून बघितलं, सकाळी होतं तिथेच रात्री होतं, तसंच फोनवर सांगितलं.

म्हणजे हा तक्ता त्या दिवसांत लिहिलेलाच नव्हता. एका बैठकीत, कोऱ्या कागदावर, बिनचिकट हातांनी लिहिलेला होता. रविवारपर्यंतची गळती कुणीतरी मनाने रचली होती, आणि रचताना रविवारी वीज नव्हती हे विसरला होता. सोमवारची तारीख खोटी. खरा बदल त्याच्या आधीचा.

तिने तिथूनच घरी फोन लावला.

"घेतलं गं," सासूबाई सांगत होत्या, आवाजात सुटका होती. "पहिल्यांदाच न थुंकता घेतलं. थेंब सांडला नाही बघ."

६

तिने सासूबाईंना सांगितलं की शेजाऱ्यांची गाडी काढा, ठकीला घेऊन सरळ हॉस्पिटलात जा, बाटली बरोबर न्या, मी तिथेच येते. कारण विचारू नका. सासूबाईंनी पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

हॉस्पिटलात पहिला प्रश्न येणार होता. काय होतं, आणि किती? काय, ते तिला माहीत होतं. किती, ते सांगणारा माणूस या इमारतीत होता.

ऑफिसात सगळे होते. वहिनी दाराला टेकून, काका खुर्चीच्या कडेवर, मालक उभे, साहेब खिडकीपाशी. तिने तक्ता टेबलावर ठेवला.

"काकांनी हे केलेलं नाही. रविवारी वीज नव्हती. ढवळणी फिरली नाही. वॉचमनने घट शून्य सांगितली. इथे चार लिहिलंय. हा तक्ता नंतर बसून लिहिलाय, आणि तो एकाच्याच कुलपात असतो."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"लिहिताना चूक होते माणसाकडून," ते म्हणाले. "एका आकड्यावरून तुम्ही..."

"एका आकड्यावरून नाही. वहिनी, बाटल्यांच्या यादीत सही कुणाची नाही?"

वहिनींना यादी उघडावी लागली नाही. त्यांनी साहेबांकडे नुसतं पाहिलं.

"तुमच्या घरी चार दिवस मूल तापाने पडलंय," ती म्हणाली. "आपण तापाचं औषध बनवतो. दोन बाटल्या फुकट मिळत होत्या. त्या सोडून तुम्ही दुकानातून दुसऱ्या कंपनीची विकत आणलीत. टेबलावर आहे ती, निळ्या झाकणाची. मागच्या बॅचमध्ये काय आहे हे मंगळवारी या कारखान्यात फक्त एका माणसाला माहीत होतं."

 साहेब खाली बसले. खुर्ची कुठे आहे ते न बघता बसले, त्यामुळे काकांनीच ती मागून पुढे सरकवली.

मग ते बोलले, बरंचसं टेबलाशी. नवं सील मिळेना. रोज ग्लिसरीन भरा, रोज वरून विचारणा. रंगाच्या कारखान्यात वीस वर्षं याच भांड्यांत ग्लायकॉल घालायचे, सगळेच घालतात, उत्तम चालतं, थंड राहतं, कमी गळतं. तिथे गळलं तर रंगात गळायचं. इथे गळलं तर कुठे, हे डोक्यातच आलं नाही. सोमवारी भिंतीवर ते कार्ड दिसलं आणि वाचता वाचता कळलं, काय करून बसलो ते.

"आणि मग तुम्ही मालकांकडे जायच्या ऐवजी तक्ता लिहायला बसलात," काका म्हणाले. "वर माझं नाव."

"कधी घातलंत?" तिने विचारलं. "आणि किती आत गेलं? मला भांडायचं नाहीये. मला डॉक्टरांना सांगायचंय."

"मागच्या बुधवारी. बॅच टाकीत असताना." आवाज जवळजवळ नव्हताच. "रोजचं एक-एक मिलिमीटर काहीच नाही. पण पहिल्या दिवशी माझ्याकडून दाब जास्त झाला. अर्धं भांडं एकदम आत गेलं. अर्धा लिटर. हजार लिटरमध्ये अर्धा लिटर, बाई, मी गणित केलं, शंभरदा केलं. एका चमच्यात थेंबाचा अंशसुद्धा येत नाही."

"गणित बरोबर असेल," ती म्हणाली. "पण त्या गणितावर विसंबून तुम्ही तुमच्या मुलाला एक चमचा दिला नाहीत."

 तिने पर्स उचलली. दारापाशी जाऊन ती वळली, कारण एक गोष्ट विचारल्याशिवाय पाय निघत नव्हता.

"काल चहाला मी सांगितलं, ठकीला हेच औषध चालू आहे. तुम्ही समोर होतात."



मालकांनी तोपर्यंत फोन उचलला होता. दुकानांतून मागची बॅच परत घ्यायची, सगळी, आजच्या आज, असं ते कुणाला तरी ओरडून सांगत होते. काकांनी समोरचा कोरा कागद चार घड्या करून खिशात घातला.

७

डॉक्टर तरुण होती, आणि ऐकताना मधे बोलली नाही. वजन विचारलं, डोस मोजले, कागदावर भागाकार केला. मग म्हणाली की प्रमाण फार कमी आहे, बहुधा काही होणार नाही. रक्त घेतलंय, अहवाल संध्याकाळपर्यंत. तोवर एकच लक्ष ठेवा. लघवी होतेय का.

"शेवटची कधी झाली?"

ती सासूबाईंकडे बघू लागली. सासूबाई आठवू लागल्या. सकाळी नऊला लंगोट बदलला. नंतर घाईत लक्ष नाही दिलं. तापात पोर पीत नाही, त्यामुळे कमीच होते. झाली असेल. नसेल.

पलंगाशेजारी दोन खुर्च्या होत्या. ठकी सलाइन लावून झोपली होती, मूठ गालाखाली. तिने दर दहा मिनिटांनी लंगोटात बोट घालून पाहायला सुरुवात केली. कोरडं. दोन वाजले. कोरडं. अडीच.

"सकाळी नको म्हणालीस," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "मग दे म्हणालीस. मला वाटलं, तुला कळतंय."

"मलाही तसंच वाटलं."

ती खरं तेच बोलली होती. तक्ता बोटाखालून सुळकन सरकला तेव्हाच तिला कळायला हवं होतं. पाच वर्षं चिकट कागद सोडवणाऱ्या बाईला स्वच्छ कागद खटकायला हवा होता. खटकलाही होता, कुठेतरी खोल. पण तिला आकडे हवे होते आणि आकड्यांनी तिला हवं ते दिलं होतं. भांडं पुसणाऱ्या माणसाचं आणि तिचं त्या एका घटकेपुरतं सारखंच झालं होतं. दोघांनाही मागची बॅच चांगलीच असायला हवी होती.

साडेतीनला काकांचा फोन आला. दुकानांतून निम्मी खोकी उचलली, उरलेल्यांच्या मागे माणसं गेलीत. वहिनी यादी घेऊन घरोघरी फिरतायत, बाटल्या गोळा करतायत. ठकी कशी आहे? तिने सांगितलं, झोपली आहे.  काका म्हणाले, नळीचा वाक पुन्हा नीट धुतला, दोनदा, आणि आता त्यात तुझंच पाणचट मिश्रण जाईल, गळू दे काय गळायचं ते.

चार वाजले. ट्रक आला असेल आणि रिकामा परत गेला असेल, तिच्या मनात येऊन गेलं. तिने बोट घातलं. कोरडं.

पाच. सासूबाईंनी डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली होती. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि बाहेर काय आहे ते तिला दिसत नव्हतं. हजार लिटरमध्ये अर्धा लिटर. ती भागाकार करायची, उत्तर तेच यायचं, आणि उत्तर आलं की पुन्हा पहिल्यापासून करायची.

साडेपाचला ठकी झोपेत कुरकुरली, पाय झाडले आणि एकाएकी गप्प झाली, काहीतरी गंभीर विचार करत असल्यासारखी.

तिने चादर बाजूला केली. हात पुढे नेला, आणि अर्ध्यावर थांबला. सासूबाईंनीच शेवटी वाकून लंगोट चाचपला. मग त्यांनी सुनेचा हात धरला आणि तिथे नेऊन ठेवला.

चादर भिजली होती. खालची गादीसुद्धा. ती ऊब तिच्या तळव्याखाली पसरत चालली होती, आणि तिने हात काढला नाही.